बातमीखालचं नाव

गुणवंतराव : ये सीता, अशी जवळ सरकून बस. धानगिरणीनं कान गेले माझे. 'रानदवंडी'ची कथा पाह्यजे ना तुले? सांगतो. पण कीर्तनासारखी आयकाची, मधात उठाचं नाई.

सीता : नाई उठत, काकाजी. वाचनालयाच्या अंकासाठी लिहून राह्यली. एक्क्याऐंशी ते पंच्याऐंशी, चार वर्षं चाललं मासिक. बरोबर?

गुणवंतराव : चाललं कायचं, ओढलं. दिवसभर धान भरडाचा, सांजच्याले छापखान्यात जुळारी बापूरावसंगं अक्षरांचे खिळे जुळवाचे. बायको म्हणे, लोकं देऊळ बांधतात, तुमी कागद काळे करता.

सीता : अन् बंद काऊन पडलं? लोक म्हणतात, पोलिसांनी दम दिला.

गुणवंतराव : पोलीस आले, चहा पिऊन गेले. माझ्या खोडीनं बंद पडलं.

सीता : कोणती खोड?

गुणवंतराव : अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव घालते ना? बिननावाचा शब्द पोरका, असं माझं मत. म्हणून हरेक बातमीखाली सांगणाऱ्याचं नाव छापाचो, गावासकट. बापूराव म्हणे, "भाऊ, हे कीर्तन नाई, राजकारण हाय." मी त्यालेच हसलो.

सीता : मंग?

गुणवंतराव : धानोऱ्याकडची सोनीबाई. तेंदूपानाच्या शंभर पुडक्यांमागं ठेकेदाराचा दिवाणजी दहा फुकट घेते, असं तिनं सांगतलं. छापलं. खाली तिचं नाव, ठळक खिळ्यात. दुसऱ्या दिवशी पानं मोजून घेतात त्या फळीवर तिचं पुडकं घेतलं नाई. तिसऱ्या दिवशी साऱ्या गावाचंच नाई. म्हणे, आधी ही बाई गावातून जाऊ द्या.

सीता : गेली?

गुणवंतराव : गेली. जाताना इथी आली. भांडली असती तं बरं झालं असतं. म्हणे, "भाऊ, माहं वाचून दाखव." वाचलं. नाव आलं तशी हसली. म्हणे, "बेस लिवलं." पुढचा अंक माझ्यानं निघालाच नाई.

सीता : आता कुठी हाय?

गुणवंतराव : तीन वर्षं शोधलं. कोरपन्याकडं सिमेंटच्या कामावर पाह्यलं, गोंडपिपरीले पाह्यलं. नाई भेटली.

सीता : मी हेच लिहिते, काकाजी. तिच्या नावागावासकट. तिले न्याय तरी भेटंल.

गुणवंतराव : तिचं नाव छापताना मीबी असंच म्हणत होतो, पोरी.

सीता : (पेनाचं टोपण लावत) मंग काय लिहू?

गुणवंतराव : संपादक थकला म्हणून मासिक बंद पडलं, असं लिव. ते काई खोटं नाई. अन् सोनीबाईले तू नुसती ध्यानात ठेव.