चाचांचं हिअर आणि लिसन

अरे, आज मी इंग्रजी शिकवतो ना, पण हिअर आणि लिसनमधला फरक मला कळला तो मोटर मेकॅनिक रफिकचाचांमुळे. तेव्हा दुसऱ्या दिवशी नोकरीच्या निवडीसाठी वर्गात नमुना पाठ घ्यायचा होता आणि मी विहिरीपाशी बसून घोकत होतो.

चाचा आमची विहिरीवरच्या पंपाची मोटर बघत होते. म्हणाले, "काऊन बे, अडलं का?"

"दोन्हीचा अर्थ ऐकणंच, चाचा. पोरांना फरक कसा सांगू?"

त्यांनी चालू मोटरवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"आवाज तुलेबी आला, थे हिअर. मी करून राह्यलो, थे लिसन. मागचं बेअरिंग गेलं."

मोटर उघडली. मागच्याच बेअरिंगचे छर्रे त्यांच्या तळहातावर गळून पडले. मी हात जोडले.