लाइनमनच्या घरचं मीटर

...आन वरून मलेच म्हणते, "काका, तुमच्या मनात अंधाराची खूप भीती साचलेली आहे." मले! अहो, चौतीस वर्षं विजेच्या खांबावर चढलो मी, लाइनमन देवमन खंडारे, बडनेऱ्यापासून अंजनगाव सुर्जीपर्यंत इचारा कोणालेही, भर पावसात, कमरेले पट्टा, हातात पक्कड, खालून सारं गाव वर तोंड करून उभं... आन ही माधवी, पुण्याची, वय तीस, माह्याच शेतात, माह्याच बाजेवर मांडी घालून, माह्याच घरचा चहा पिऊन राहिली, तोही गुळाचा, साखर चालत नाही त्यायले, आन मले माही भीती सांगते. साचली म्हणे. नाली हाये का मी?

तुमाले पयल्यापासून सांगतो. माही पोरगी पायल, एकुलती एक, नऊ वर्षं पुण्याले कंपनीत. चौदा एप्रिलले दोन दिवस येणार, त्यातला एक दिवस झोपणार. फोन केला तर "बाबा, मीटिंगमध्ये आहे." आन मागच्या डिसेंबरात तिचा सोताहून फोन आला. "बाबा, मी नोकरी सोडली. मी घरी येतेय, कायमची." तिची माय, मैना, तिनं फोन हातात असतानाच दुधाचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं. नोकरी काहून सोडली, पुढं काय, हे सारं इचाराचं होतं मले, ओठावर आलं होतं... पण पोरगी घरी येऊन राहिली होती ना भाऊ. म्या म्हटलं, बरं.

आली, पण एकटी नाही आली. संगं पाच जण. ही माधवी त्यायची मुख्य, बाकी चौघं सारखेच दिसत, त्यातल्या एकाचं तर मौन होतं, पण जेवाच्या टायमाले बरोबर हजर होत जाय. म्हणे आपल्या घराभोवतीच्या अडीच एकरात आमी ग्रिडमुक्त सहजीवन सुरू करून राहिलो. म्हटलं, म्हणजे काय? तर माधवी म्हणे, "काका, सगळ्यांनी एकत्र राहायचं, आपलं अन्न आपणच पिकवायचं, विहिरीचं पाणी, मातीचं घर, आणि बाहेरची वीज अजिबात नाही." म्हटलं, बाई, याले आमच्यात बस्ती म्हणत. मी तिथंच जन्मलो. तर तिनं वही काढून ते लिहून घेतलं. "किती सुंदर," म्हणे.

आता तुमी म्हणसान, देवमनभाऊ, एवढं काय त्या वायरीचं घेऊन बसले? सांगतो ना. आमच्या गावात लाइन आली तेव्हा मी सातवीत होतो. खांब आले, ग्रामपंचायतीपर्यंत आले, पाटलाच्या गल्लीत आले, आन आमच्या बस्तीच्या तोंडापाशी येऊन थांबले. काहून थांबले? तर म्हणे खांब सरले. चारशे फुटाचं अंतर, भाऊ, त्या चारशे फुटाले अकरा वर्षं लागले. अकरा वर्षं आमी पाटलाच्या गल्लीतला उजेड पायला, आमच्या इकडून तो चांगला दिसे. शेवटी मीच वीज मंडळात हेल्पर लागलो आन ते राहिलेले तीन खांब म्या ह्या हातानं उभे केले. घरात बल्ब लागला, तर माह्या मायनं पयल्यांदा वर आढ्याकडं पायलं. सारं काजळीनं काळंकुट्ट. म्हणे, "एवढ्या घाणीत राहत होतो का रे आपुन?" दुसऱ्या दिवशी दिवस निघाच्या आत चुना भिजवाले बसली होती. हे म्या ह्या लोकायले सांगितलं, कोणाले सांगत नाही ते सांगितलं... तर माधवी थोडा वेळ डोळे मिटून बसली आन म्हणे, "म्हणजे विजेनं त्यांना पहिल्यांदा लाज दिली." माही पायल बाजूले बसून मान हलवून राहिली होती. म्या म्हटलं, बरं.

मंग घर बांधाले काढलं. शेतातलीच माती खणून भिंती. म्हटलं, बाबूहो, ही काळी माती, कपाशीची, पाण्यानं फुगते आन उन्हानं फाटते, घराले पांढरी माती लागते, म्हणून तर आमच्या इकडं शेताले काळी म्हणतात आन गावाले पांढरी... "काका, आपण जागेवरचंच साहित्य वापरायचं." व्हिडिओत पायलं होतं त्यायनं. व्हिडिओतली माती लाल होती, पण माती म्हणजे मातीच, नाही का? चौतीस वर्षं त्या मातीत खांबाचे खड्डे खणलेला माणूस उभा हाये समोर, त्याले कोण इचारते?

आन त्यायची ती सभा! गोल बसाचं. मधात एक गोटा. नदीतला, साधा. गोटा ज्याच्या हातात त्यानंच बोलाचं, आन सगळ्यायचं एकमत झाल्याबिगर काडीही हलवाची नाही. एक दिवस विषय होता, संडासाले दार लावाचं का पडदा. तीन घंटे, भाऊ. माह्या हातात गोटा आला, म्हटलं, दार. तर माधवी म्हणे, "काका, दार म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय आहे?" म्हटलं, दार म्हणजे दार. त्यायनं एकमेकायकडं पायलं आन पडदा लावला. पडदा वाऱ्यानं उडे. त्या दिवसापासून मैना आशाबाईच्या घरी जाऊ लागली. आशाबाई म्हणजे बस्तीतली, आमच्या शेताच्या बांधाले लागूनच घर तिचं, पक्कं दार हाये.

मैनाचं सांगतो. तिच्यासाठी त्यायनं जातं आणलं. मिक्सर उचलून माळ्यावर. बरं, दळाले सांगितलं ते सांगितलं, वरून एक जण मोबाइल धरून समोर बसला, "काकू, दळताना गाणं म्हणा ना." मैना म्हणे, "माही माय म्हणे बाबू गाणं. नाही म्हटलं तर तिले जात्यावरच झोप लागत जाय." तेही घेतलं त्यायनं मोबाइलमधी. मैना रात्री मले म्हणे, "पायलचे बाबा, मी जन्मभर ज्याच्यातून निघाले धडपडली, ही पोट्टी मले पुन्हा त्याच्यातच नेऊन बसवून राहिली. तुमी काही बोलत काहून नाही?" काहून बोलत नव्हतो? पायल सकाळी उठून माह्याजवळ ओट्यावर बसत जाय, भाऊ. नऊ वर्षांनी. गप्पा नाही काही, नुसती बसे. बोलून ते घालवू का मी?

तर आता वायर. फेब्रुवारीत गोटा फिरला. विषय, माह्या घरचं मीटर. म्हणे आपुन लोकायले ग्रिडमुक्त सांगतो आन काकाच्या घरात फ्रिज गुरगुरते. "काका, ही एकच वायर आपल्या सगळ्यांना बांधून ठेवतेय." म्हटलं, बाई, तुमी मोकळे राहा, तुमच्या झोपडीत, माहं घर कशाले? नाही, सगळ्यायचं एकमत पाह्यजे, आन सहा विरुद्ध एक मी. मैनाले त्यायनं गोटाच देल्ला नाही, ती सदस्य नव्हती, ती सैपाक करत होती. पायलनं गोटा घेतला. माह्याकडं पायलं नाही, गोट्याकडं पायलं, म्हणे, "बाबा, तसं असेल तर आम्हाला दुसरी जागा बघावी लागेल."

म्या म्हटलं, बरं.

हापिसात गेलो, कायमचं बंद कराचा अर्ज देल्ला. तिथला साहेब म्हणजे श्रावण, पोरगा होता तेव्हा म्या त्याले खांबावर चढणं शिकवलं. अर्ज तीनदा वाचला त्यानं. "देवमनभाऊ, लोक लाइनसाठी अर्ज देतात. तुमी काय करून राहिले हे?" म्हटलं, पोरगी घरी राहाची हाये. त्यानं सही केली. आन वायर कोण उतरवणार? तर मीच, अशी त्यायची इच्छा. सोहळा होता. एकसष्टाव्या वर्षी, गुडघे करकर वाजून राहिले, मी खांबावर, श्रावण मनातल्या मनात शिव्या देत खाली बॉक्सापाशी उभा, आन हे सहाही जण गोल करून काशाची वाटी वाजवून राहिले. वायर खाली पडली तर टाळ्या. जन्मभर वायर जोडली, भाऊ, एकानं टाळी नाही वाजवली. मैनानं त्याच दुपारी टेम्पो बोलावला आन अकोल्याले भावाकडं गेली. फ्रिज घेऊन. फ्रिज घेऊन माहेरी जाणारी बाई अख्ख्या वऱ्हाडात ही एकच असन.

मंग एप्रिल आला. आमचा एप्रिल. पंचेचाळीस. मोटार बंद, विहिरीवर दोर-बादली, चार दिवस त्याले व्यायाम म्हटलं त्यायनं, पाचव्या दिवशी दोर माह्या हातात. भिंती फाटल्या, अशा फाटल्या का हात आरपार जाईन. सोलरवर मोबाइल तेवढे चार्ज होत. आन मंग माधवीले एकदम सुचलं का बस्तीतल्या लोकायच्या आठवणी जमा केल्या पाह्यजे. रोज दुपारी बारा ते पाच, फक्त आशाबाईच्या आठवणी. आशाबाई मले म्हणे, "देवमनभाऊ, तुमचे पाहुणे मले इचारतात, लहानपण कसं होतं. मी सांगाले लागली का सहाच्या सहा कूलरसमोर झोपून जातात. त्या मौनवाल्याचं मौन बी सुटलं. झोपीत बोलते."

मे महिन्यात शेवटचा गोटा फिरला. "ही जमीन आपल्याला स्वीकारत नाहीये." म्हटलं, जमीन नाही बाई, ऊन हाये, जून लागला का सरते. पण झालं होतं एकमत. पहाडात जाणार, थंड जागा पायली होती. अहो, माह्या मीटरले तीन बैठका लागल्या, हे दहा मिनिटात झालं. पायल म्हणे, "बाबा, तुम्हीपण चला ना." मनापासून म्हटलं तिनं, खोटं नाही सांगत. पण वखराचे दिवस, शेत कोण पायणार? जाताना गळ्यात पडून रडली. मी नाही रडलो. रिक्षा गेल्यावर विहिरीवर गेलो आन दोन बादल्या पाणी काढलं, एकाचंही काम नव्हतं.

आता मी एकटा. नव्या मीटरचा अर्ज टाकला, यादी हाये, नंबर लागन तेव्हा लागन. श्रावण म्हणते, "भाऊ, तुमाले वशिल्यानं पुढं घेऊ?" म्हटलं, नोको, चारशे फुटासाठी अकरा वर्षं थांबलेला माणूस हाये मी. मैना अकोल्याहून म्हणते, मीटर लागलं का कळवा. मोबाइल आशाबाईच्या घरी चार्ज करतो, तिच्या आठवणीही ऐकतो, जागा राहून.

परवा, दिवस बुडाच्या टायमाले, पायलचा फोन. महिन्यानं. "बाबा, अहो लाइन गेली. शेजारी आहे, फक्त आमच्याच घरात नाही." म्हटलं, लाइन? तुमच्याकडं लाइन हाये? तर म्हणे, "इथली पाण्यावर तयार होते ना बाबा, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, चालेल." म्हटलं, फ्यूज पाय. म्हणे जुनं घर, चिनीमातीचे फ्यूज. पहिले मेन बंद कर, पायात चप्पल घाल, हात कोरडे कर माय... हाव, तोच... तार जळली असन, दुसरी बारीक तार पाय, जाड नोको टाकू, जाड टाकली तर घर जळते... पंचवीस मिनिटं, भाऊ. माह्या घरात अंधार पडत आला, मले माहा हात दिसत नव्हता, आन मी तिले हजार मैलावर एक-एक स्क्रू सांगून राहिलो. "बाबा, थांबा हं. बाबा, आहात ना? बाबा, ठेवू नका." नऊ वर्षांत एवढ्या वेळा बाबा म्हटलं नव्हतं तिनं. मंग खट वाजलं. मागं सारे ओरडले, आली, आली! आन फोन कट.

आता ह्याच्यात तिचा काही दोष नाही, लाइनमनची रीतच हाये ते. लाइन गेली का सारं गाव फोन करते, आली का एकजण करत नाही. मले सवय हाये. मी आपला रोज संध्याकाळी मोबाइल भरून आणतो, ओट्यावर बसतो, आन पहाडातली लाइन पुन्हा कधी जाते त्याची वाट पायतो.