साडूंचे एकशे वीस घोडे

एकशे वीस, एकशे वीस! अहो, माझा घास तोंडात असतो आणि आमचे साडू सुरू, 'माझ्या गाडीत एकशे वीस घोडे, तुमच्या गाडीत किती हो?' त्यांना माहीत असतं किती ते! साठ! दर रविवारी विचारतात आणि दर रविवारी साठच असतात! आठवड्यात घोडी व्यायलीय का माझ्या बॉनेटखाली?

तुम्हाला सांगतो, दोन्ही गाड्या वयानं आमच्याहून मोठ्या. त्यांची लाल, लांबलचक, सहा सिलिंडरची, शंभरचा वेग गाठते तेरा सेकंदांत. माझी निळी, बुटकी, चार सिलिंडर, शंभर गाठायला... गाठते हो, गाठते, घाई कसली? पण वजनाला चारशे किलो हलकी, आणि पहिला गिअर असा दणकट की भिंतीवर चढेल! पण ऐकतो कोण? साडू म्हणणार, 'कागदावर बघा ना, कागदावर!'

तेही सोसलं असतं. पण आमच्याच गल्लीत सासऱ्यांच्या अंगणात पत्र्याचं पक्कं, रिकामं छप्पर आहे आणि खाली मावते एकच गाडी. माझी रस्त्यावर उन्हापावसात उभी, तळाच्या पत्र्याची गंजून चाळण झालीय, अजून थोडे दिवस गेले तर बसल्या बसल्या पाय रस्त्याला लागतील! साडूंच्या गाडीची तीच गत. दोघांनीही छप्पर मागितलं. सासरे म्हणाले, 'पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चढवून दाखवा. जी चांगली, ती आत.' आता सासरे कोण? निवृत्त रोडरोलर चालक! ज्यांनी जन्मभर बैलगाडीला वाट करून दिली, ते आमच्या शर्यतीचे पंच! पण मी ठरवलं, हटायचं नाही. प्लग घासले, पट्टा बदलला, तेल ओतलं, बायकोला म्हटलं, 'बस! आज काय तो सोक्षमोक्ष!'

सुटलो! साडू आणि मेहुणी तोफेच्या गोळ्यासारखे पुढे, आम्ही धूर खात मागे. ही म्हणते, 'अहो, गेले ना ते!' म्हटलं, 'जाऊ दे, चढ येऊ दे!' चढ आला. वळणावर बघतो तर रस्त्यात ढग! ढगात लाल गाडी, बॉनेट उघडं, रेडिएटरमधून वाफ, आणि साडू रुमालानं वारा घालताहेत... इंजिनाला! 'अहो साडूभाऊ, कागदावर तापते का हो ही?' असं ओरडलो, असा हॉर्न दाबला, आणि निघालो पुढे...

'थांबवा! माझी बहीण आहे तिथे!'

'अगं, शर्यत आहे!'

'शर्यत गेली खड्ड्यात!'

थांबलो. बांधला दोर. मेहुणी माझ्या गाडीत, साडू त्यांच्या स्टिअरिंगवर, आणि माझे साठ घोडे पहिल्या गिअरमध्ये कण्हत कुंथत दोन गाड्या घेऊन टेकडी चढायला लागले! क्लचचा जळका वास, सुई लालवर, मी चुचकारतोय, 'चल बाई, चल राणी', इतकी वर्षं जिला सवत म्हणाली तिला बायकोही म्हणतेय, 'चल गं'... आणि पोचलो! डोळ्यांत पाणी आलं हो. तर मागून साडू काच खाली करून काय म्हणाले असतील? 'तरी कागदावर...' कागदावर!

सासरे टाकीपाशी खुर्ची टाकून बसलेले. उठले, निळीभोवती फिरले, टपावर थाप मारली. 'शाब्बास! हिच्यासारखी गाडी नाही.' माझी छाती अशी फुगली! मग लालीकडे वळले, रेडिएटरवर वाकून बघितलं...

'जावईबापू, तुमची धडधाकट आहे, ऊन-पाऊस सोसेल. ही बिचारी दुबळी. या वर्षी छप्पर हिलाच देऊ. पुढच्या वर्षी पुन्हा बघू.'

मी म्हटलं, 'अहो, पण...' बायकोनं डोळे वटारले. मी मुकाट दोर सोडायला घेतला.

पण मीही हट्टी माणूस आहे, तुम्हाला सांगतो! पुढच्या वर्षी परत टेकडी चढायचीय ना? चढतो की. आणि जिवाचं रान करीन, काय वाट्टेल ते होवो... पण त्या वेळी हरणार म्हणजे हरणारच!