शनिवारचं पाणी

रिसोडच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर चाललेलं हे बोलणं.

"तुमी वनमालाचे बाप ना? मी भागिरथा. दुष्काळात शाळेनं पोरायले म्हाताऱ्यायची सेवा कराची सक्ती केलती, तवा तुमची पोरगी दर शनवारी माह्या घरी पानी भराले यायची."

"ते मीच बंद केलं, मावशी. हेडमास्तरले सांगतलं, पोरगी शिकाले धाडतो, सक्तीनं सेवा कराले नाही."

"बराबर हाये. परक्याच्या लेकराले सक्ती कायले?"

"आता पानी कोन भरते?"

"मीच. एकट्या जिवाले एक घागर पुरते."

"मंग तवा?"

"तवाबी पुरेच. पन पोरगी घागर ठेवून बोलत बसे. तिले म्हना, पानी नोको भरू, नुसती ये."

"थे आता कायले येईन, मावशी? सक्ती होती म्हनून यायची."

"मले माईत हाये."

मागे पिशवी उचलल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा मावशीच बोलली.

"तुमी तं बाप हाये तिचे. तुमी करा नं सक्ती."