बुकानीच्या आत

आमचे पणजोबा सरकारांच्या, म्हणजे महाराजांच्या, फौजेत होते, म्हणून आम्ही बडोद्याचे. मी नागरवाड्यात जन्मले, मराठी शाळेत शिकले, आता निजामपुऱ्याला दादा-वहिनीजवळ राहते, लग्न केलं नाही, जमलं नाही म्हणा. आणि नोकरी म्हणाल ताई, तर फ्रीज-एसी बिघडला की लोक ज्या नंबरावर फोन करतात ना, तो फोन मी उचलते, सयाजीगंजात.

काय सांगू तुम्हाला, उन्हाळ्यात एसी बंद पडलेला माणूस म्हणजे माणूस नाही हो तो. आईबापांवरून शिव्या देतात. आणि आपण काय म्हणायचं, तर तमारी तकलीफ हुं समजुं छुं, थोडी राह जुओ. हिंदीवाल्याला हिंदीत, मराठीवाल्याला मराठीत, तुमची तकलीफ मला समजते, थोडी वाट पाहा. आवाज गोडच पाहिजे, सगळं रेकॉर्ड होतं.

मग मी काय करायची, सुटले की दुपट्ट्याची बुकानी बांधायची. आमच्याकडे सगळ्याच बायका बांधतात, डोळे सोडून तोंड सगळं गुंडाळलेलं, वर हेल्मेट, ओळखणार कोण? स्कूटर निघाली की आत मी सुरू. मेल्या, तुझ्या तोंडात माती पडो, तुझा एसी तुझ्या बापाच्या छातीवर बसव. मोठ्यांदा हं, ट्रकच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय! फतेगंज येईपर्यंत घसा मोकळा, घरी जाऊन वहिनीच्या हातचा चहा. वहिनी म्हणायची, बेन, तुमचं बरं आहे, ऑफिसचं ऑफिसात ठेवून येता. मी हसायची.

मग कधी बंद झालं ते कळलंच नाही. शिव्या आठवायच्या पण निघायच्या नाहीत. मला वाटलं, चला, सवय झाली, सुटलो.

तेवढ्यात आई गेली. अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं वहिनीनं केलं, पोटची मुलगी करणार नाही असं. मावशी आली नागरवाड्यातून, दारातच गळ्यात पडली, माझी ताई गेली गं, म्हणून हंबरडा फोडला, आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? तुमची तकलीफ मला समजते, थोडी वाट पाहा. त्याच गोड आवाजात. मावशीनं हात काढून घेतले. म्हणाली, दगड आहेस गं तू. खरंच सांगते, मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही, आणि भीती वाटली ती त्याची. स्वतःच्या आईसाठी रडता येऊ नये माणसाला?

तेरावं झालं, पाहुणे गेले तरी रडू नाही. शेवटी म्हटलं, बुकानीतच जमेल. निघाले तर वहिनी म्हणाली, मला पण बाजारात सोडा ने. नाही कसं म्हणणार? दोघींनी बुकान्या बांधल्या. आता रडायचं कसं, हाच विचार करत फतेगंजपर्यंत आले, तोंड उघडलं, नुसती वाफ. आणि मागून आवाज, आई गं, आई गं. वहिनी! माझ्या पाठीवर डोकं टेकून हमसून हमसून रडत होती. घरात पाहुण्यांचा चहा, दादाला सांभाळायचं, पोरांचे डबे, तिला तरी कुठे जागा होती? आपल्या लक्षातच आलं नाही हो. म्हटलं, काही बोलायला जाईन आणि पुन्हा तेच वाक्य निघेल. बाजाराचं वळण सोडलं, फिरून सरळ गावाबाहेर छाणीकडे गाडी नेली, हळूहळू.

आता आठवड्यातून एकदा मीच विचारते, येतेस का चक्कर मारायला? ती लगेच दुपट्टा घेते. मला अजून नाही येत रडू, आणि नोकरीही तीच. पण माझा कुडता मागून ओला होतो तो मला कळतो, ताई, गार लागतो वाऱ्यावर. तिचं होईपर्यंत मी गाडी थांबवत नाही. सुखी राहो बिचारी.