नानांनी निवडलेलं पेडल

सत्तर सालानंतर सोलापुरात गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा निघाले, त्यातलाच आमचा एक. मालक नाना स्वतःच गायचे, त्यामुळे त्यांना काढणार कोण? मी स्टील गिटार वाजवायचो. पायानं आवाज लहानमोठा करायचं व्हॉल्यूम पेडल घ्यायला मी दुकानात गेलो, तर नानाही सोबत आले. प्रत्येक पेडल बघून त्यांचं एकच, "ह्यानं गिटार पार बंद होती का? माझ्या गाण्यात लुडबुड नको."

शेवटी आवाज पूर्ण गिळणारं पेडल त्यांनीच निवडलं.

माढ्याच्या कार्यक्रमात नानांनी तान घेतली आणि मला डोळ्यांनी दटावलं. मी मुकाट्यानं गिटार बंद केली. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठून ओरडले, "ओ मास्तर, गिटार वाजवा की! ह्यांचं गाणं ऐकू याया लागलंय!"