डाव्या कडेची पट्टी

सुवर्णा : अरे, पण जुनंच टाक ना परत! बाबांना हे नवीन झेपत नाहीये.

ललित : ताई, चार वेळा टाकून बघितलं. द्वारका चौकातल्या दुकानातून आणलेल्या या नव्या मशीनवर जुनी सिस्टीम चालतच नाही, स्क्रीन काळी पडते. आणि जुना कॉम्प्युटर तर लोडशेडिंगच्या झटक्यात पार जळाला.

वत्सलाबाई : मला समजंल असं सांग रे. तुझ्या काकांची बोलायची बटणं कुठं गेली?

ललित : आहेत ना काकू. ही बघा, वर उजव्या कोपऱ्यात. पाणी, औषध, पंखा, आठच्या आठ. माउसनं दाबलं की आवाज येतो.

वत्सलाबाई : आन् त्यांना उजवीकडचं दिसतं व्हय? अर्धांग झालं, वाचा गेली, तवापास्नं ताटात उजवीकडं वाढलेली भाजी तशीच ऱ्हाते. नुसती भाकर खाऊन उठतात.

सुवर्णा : म्हणून तर तू बटणांची पट्टी डाव्या कडेला उभी करून दिली होतीस. तशीच कर.

ललित : नव्या रचनेत पट्टी हलत नाही. वरच राहते, आणि बटणं आपोआप कोपऱ्यात जाऊन बसतात.

सुवर्णा : कुठल्या शहाण्यानं केली ही रचना? त्याला चांगलं खरमरीत मेल टाक.

ललित : मीच केली.

सुवर्णा : काय?

ललित : म्हणजे आम्ही बारा-तेरा जण. देशोदेशीचे, ही सिस्टीम फुकटात बनवणारे. मागच्या वर्षी मेलवर वाद चालला होता. मीच म्हटलं, लोकांचा हात लागतो, बटणं इकडची तिकडं होतात, नुसता पसारा. हलवायची सोयच काढून टाका. सगळ्यांनी वाहवा केली. काका डोक्यातच आले नाहीत गं माझ्या!

वत्सलाबाई : हात दाखवून अवलक्षण म्हंतात ते हेच.

सुवर्णा : आई, थांब जरा. ललित, मग त्यांना सांग ना, चुकलं म्हणून.

ललित : सांगितलं. म्हणाले, एका माणसासाठी सगळं फिरवता येणार नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. शेवटी आठवडाभर बसून ही वेगळी पट्टी लिहिली. ही बघ, डावीकडे, रिकामी. आता फक्त सांगा, कुठलं बटण कुठं होतं?

सुवर्णा : पाणी सगळ्यात वर. हो ना गं?

वत्सलाबाई : छ्या! वर पंखा. का औषध होतं?

सुवर्णा : अरे, लावली तूच होतीस ना!

ललित : दोन वर्षांपूर्वी. नंतर काकांनीच डाव्या हातानं ओढून ओढून आपल्या सोयीनं बसवली. त्यांना अक्षर लागत नाही, चित्र ओळखू येत नाही. जागा तेवढी कळते. फोटो, कागदपत्रं, सगळ्याची कॉपी ठेवली होती मी. त्या मांडणीची ठेवावी, हे सुचलंच नाही.

सुवर्णा : मग नव्या जागा शिकव.

ललित : परवा बसलो होतो शिकवायला. रडायला लागले. मला नाही बघवलं.

(काका डाव्या हातात माउस घेतात. रिकाम्या पट्टीवर एकाच जागी टिकटिक, टिकटिक.)

सुवर्णा : बाबा, पाणी देऊ? नको, मान हलवतायत. पंखा लावू का? लघवीला जायचंय?

ललित : खालून दुसरी जागा आहे. काका, औषध? तेही नाही. चिडले बघ.

सुवर्णा : अहो बाबा, मग काय होतं तिथं?

वत्सलाबाई : नका गं त्यांच्या मागं लागू. आत्ता ध्यानात आलं माझ्या. तिथं मी होते.

सुवर्णा : म्हणजे?

वत्सलाबाई : दाबलं की ‘वत्सला’ म्हणून आवाज यायचा. ओट्यावर हार ओवत बसलेली असले, की सुई तशीच टाकून आत यायची मी.

सुवर्णा : चला, एक तरी सापडलं! ललित, लाव पटकन.

ललित : लावतो. पण बाकीची सात, ताई...

वत्सलाबाई : तू लाव आधी. मी त्यांच्यासमोर बसलेय, माझ्याकडंच बघतायत, तरी दाबायचं थांबत नायत.